कातडीतली पानगळ

आमच्या भागात म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं तर जन्मसाल क्वचितच कळतं. कळतं ते बहात्तर, म्हणजे १९७२ च्या दुष्काळाचं साल. “बहात्तरला मी पाळण्यात होतो”, “बहात्तरला माझी थोरली लेक रांगत होती”, असा हिशेब. मी त्या साली चार वर्षांचा होतो. माय निलंग्याकडच्या एका दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मला खडीच्या ढिगाच्या सावलीला बसवायची. लाल मिलोची भाकरी, वाटीत मिळणारी सुकडी आणि घणांचा एकसुरी आवाज एवढंच त्यातलं आठवतं. आणि मायचे हात. संध्याकाळी ती हाताला गोडं तेल चोळायची. दोन-तीन दिवसांनी मनगटाच्या वरच्या भागाची पातळ, पारदर्शक साल निघू लागायची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. मी ती ओढायचो आणि ती हातावर चापट मारायची.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये एक निबंध छापून आला. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलिस्टर करी हे त्याचे लेखक. केर ऑस्ट्रेलियाचे, बाकीचे दोघे स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठातले. शरीरातल्या काही पेशी भाजून, चिरडून किंवा विषानं मरतात तशा मरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. या पेशी आवरून-सावरून मरतात. आकसतात, आतलं सगळं पुडीत बांधल्यासारखं करतात, आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही, बोभाटा नाही. या मरणाला नाव हवं होतं. ते सुचवलं त्याच विद्यापीठातले ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी: अपॉप्टॉसिस. झाडाची पानं किंवा फुलाच्या पाकळ्या गळून पडणं, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ.

माझ्या हातात मायच्या मनगटाची जी साल यायची, ती त्याच मरणाच्या मागून येणारी होती, हे कळायला मला पुढची वीसेक वर्षं लागली. मी तेव्हा नांदेडला एम.एस्सी.ची पुस्तकं चाळत होतो.

पानगळ हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्यात एक खुबी आहे. मराठवाड्यात कडुनिंब माघ-फाल्गुनात पानं टाकतो. अंगणं पिवळी होतात, बायका झाडून झाडून कंटाळतात. त्याच झाडाची एखादी फांदी वळवाच्या वाऱ्यात मोडली आणि सालीच्या आधारानं लटकत राहिली तर काय होतं, ते बघा. तिची पानं वाळतात, तपकिरी होतात, पण गळत नाहीत. महिनोन् महिने खुळखुळत राहतात. कारण पान गाळणं हे जिवंत फांदीचं काम आहे. देठाच्या बुडाशी एक पातळ थर तयार करावा लागतो, जोड सैल करावा लागतो, जखम आधीच बुजवून ठेवावी लागते. मेलेल्या फांदीला ते जमत नाही. कॉर्मॅक सरांच्या मनात हे होतं की नाही कोण जाणे, पण शब्द नेमका बसला. पेशीनं अशा रीतीनं मरण्यासाठी तिच्यात जीव असावा लागतो.

हे पुस्तक त्या मरणाविषयी आहे, आणि तेही एका विशिष्ट मरणाविषयी: उन्हातल्या अतिनील किरणांनी इजा झालेली कातडीतली पेशी कशी मरते, का मरते, आणि मरायला नकार दिला तर काय होतं. लातुरात वीस-पंचवीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवलं. ‘लातूर पॅटर्न’च्या त्या वर्गांमध्ये उत्तरं तयार असतात, चार पर्यायांपैकी एक. तरी मधूनच एखादं लेकरू हात वर करून विचारायचं, “सर, पेशी मेली म्हणजे नुकसानच ना?” माझं तेव्हाचं उत्तर घाईचं होतं. आता जरा सवडीनं देतो आहे.

आधी ‘ऊन’ या शब्दाशी थोडं भांडावं लागेल. मराठीत ऊन म्हणजे उजेडही आणि तापही. सकाळचं कोवळं ऊन आपण खातो, दुपारचं आपल्याला लागतं. ऊन लागलं म्हणजे चक्कर, उलटी, ताप. मग तळपायाला कांद्याचा रस, कैरीचं पन्हं, फार झालं तर सलाईन. हा सगळा उष्णतेचा मामला. मी ज्याच्याविषयी लिहितो आहे त्या किरणांना स्पर्श नाही. ते दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत. १८०१ साली येना इथे योहान रिटर या तरुण शास्त्रज्ञानं सूर्याच्या सप्तरंगी पट्ट्यात जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे, चांदीचा क्षार ठेवला आणि तो उजेडातल्या क्षारापेक्षा लवकर काळा पडला. अतिनील किरण सापडले ते असे, त्यांनी केलेल्या काळेपणावरून.

त्यांचे तीन गट करतात. २८० नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा ‘सी’ गट ओझोनचा थर पूर्ण अडवतो, म्हणून आपण त्याला सोडून देऊ. २८० ते ३१५ चा ‘बी’ गट बराचसा वरच अडतो; जो थोडा खाली पोचतो तो कातडीच्या वरच्या थरात जवळजवळ सगळा शोषला जातो, आणि खरी मोडतोड तोच करतो. ३१५ ते ४०० चा ‘ए’ गट भरपूर पोचतो, खोल जातो, काचेतूनही पार होतो. नांदेड-हैदराबाद रस्त्यावर वर्षानुवर्षं ट्रक चालवणाऱ्या माणसाच्या खिडकीकडच्या बाजूनं सुरकुत्या जास्त पडतात, त्या या ‘ए’ गटामुळे.

भूगोलानं आपल्याला या बाबतीत काहीच सवलत दिलेली नाही. लातूर साडेअठरा अंशांच्या आसपास, नांदेड एकोणीसच्या थोडं वर. म्हणजे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी. जुलैतला दिवस बहुतेक वेळा ढगांत जातो, पण मेमधला शून्य सावलीचा दिवस शाळांमधून आता हौसेनं साजरा होतो. पोरं उन्हात उभी राहून स्वतःची सावली पायाखाली शोधतात आणि फोटो काढतात. शिकवण्याच्या दृष्टीनं छान उपक्रम आहे. फक्त अतिनील किरण वर्षात सर्वांत जास्त असतात त्याच दिवसांत, भर बाराला, पोरांना बिनटोपीचं मैदानात उभं करतो एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिनील निर्देशांकात ११ आणि त्यापुढचा आकडा ‘अतितीव्र’ धरतात. एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी आपण त्याच्या पुढेच असतो. त्यात लातूर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. हवा जितकी विरळ, तितकी गाळणी भोकाची.

आणि हिवाळा? जानेवारीत हुरड्याला शेतात बसलेली मंडळी गार वाऱ्यात उन्हाला पाठ देऊन तासन् तास बसतात. ताप नाही म्हणून कुणाला काही वाटत नाही. किरण मेपेक्षा कमी असतात, पण शून्य नसतात. यावर जुन्या माणसांना समजेल अशी एकच खूण आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरणांचा जोर आहे असं समजावं. तापमापीपेक्षा सावली जास्त खरं बोलते.

आता कातडीकडे वळू. वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, बहुतेक ठिकाणी जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची. तिच्या तळाशी पेशींची एक रांग असते, ती सतत विभागते. नव्या पेशी वर वर सरकतात, चपट्या होतात, आपलं केंद्रक गमावतात आणि शेवटी शिंगासारखे कठीण पापुद्रे होऊन पडतात. तळापासून गळेपर्यंत महिना-सव्वा महिना. म्हणजे कातडीतल्या पेशीचं रोजचं मरण हे तिचं नेमून दिलेलं काम आहे. तीच मेलेल्या पेशींची भिंत आपल्याला धुळीपासून आणि जंतूंपासून वाचवते. उन्हानं येणारं मरण याहून वेगळं. ते वेळेआधी येतं आणि तळाजवळच्या तरुण पेशींना गाठतं.

नेमकं बिघडतं काय, हे सांगायला मला तलाठ्याचं दफ्तर बरं वाटतं. डीएनए म्हणजे मूळ दफ्तर, केंद्रकात बंद. त्यातला हवा तो उतारा काढून बाहेर पाठवतात, तो आरएनए. उताऱ्याची झेरॉक्स फाटली तर दुसरी काढता येते. मूळ दफ्तरात खाडाखोड झाली तर पिढ्यान् पिढ्यांचा घोळ. ‘बी’ गटाचा किरण दफ्तरावर पडला की शेजारशेजारची दोन अक्षरं, बहुधा थायमिनची जोडी, एकमेकांना चिकटतात. चिकटायला लागणारा वेळ सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी. नकलनवीस तिथे आला की अडखळतो, किंवा अंदाजानं काहीतरी लिहून पुढे जातो. अशी चिकटलेली जोडी उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या एकेका पेशीत रोज हजारोंनी तयार होते. आणि रोज दुरुस्तही होते: बिघडलेला तुकडा दोन्हीकडून कापायचा, उचलून टाकायचा, समोरच्या धाग्याकडे पाहून नवा भरायचा. ही कापाकापी उलगडून दाखवल्याबद्दल अझीझ संजार यांना २०१५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तुर्कस्तानातल्या एका छोट्या गावातल्या निरक्षर आईबापांचा हा मुलगा. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरं सरसावून बसायची.

दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली तर? इथे जागल्या येतो. पूर्वी गावात रात्री हाळी देत फिरणारा जागल्या असे; पिकाच्या दिवसांत शेतावर जागलीला जाणारे अजूनही आहेत. पेशीतल्या जागल्याचं नाव रुक्ष आहे, पी-५३. १९७९ मध्ये तो सापडला आणि पहिली काही वर्षं शास्त्रज्ञ त्याला चोरांचा साथीदार समजत होते, कारण तो कर्कपेशींमध्ये ढिगानं दिसायचा. तो बिघडलेला जागल्या होता हे मागाहून कळलं. १९९२ साली डेव्हिड लेन यांनी त्याला जनुकसंचाचा राखणदार म्हटलं. त्याची कामाची पद्धत मला फार आवडते. निरोगी पेशी हे प्रथिन सारखं तयार करते आणि सारखं मोडून टाकते. वरवर पाहता शुद्ध उधळपट्टी. पण दफ्तराला धक्का लागला की मोडणं थांबतं, आणि काही वेळातच पेशी त्यानं भरून जाते. नवीन बनवत बसण्याइतका अवकाश संकटात नसतो. मग तो आधी विभाजन रोखतो, दुरुस्तीला वेळ देतो. आणि दुरुस्ती होणार नाही असं दिसलं तर पेशीला मरायला लावतो. तिच्या ऊर्जाकेंद्रांची भिंत झिरपू लागते, आतलं सायटोक्रोम-सी बाहेर येतं, कॅस्पेज नावाची कात्रीसारखी विकरं जागी होतात आणि पेशी आतून कातरली जाते.

सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी ओळखायला शिकलेल्या माणसाची गरज नाही. नेहमीच्या रंगात रंगवलेल्या त्वचेच्या कापात ती एकटीच चमकते: गुलाबी, आकसलेली, मध्ये केंद्रकाचा काळा ठिपका, भोवती थोडी मोकळी जागा. इंग्रजीत तिला उन्हानं भाजलेली पेशी अशा अर्थाचं नाव आहे. काही तासांत दिसू लागतात, चोवीस तासांच्या सुमारास सर्वांत जास्त. मे महिन्यात विहिरीवर पोहायला जाणाऱ्या पोरांच्या खांद्यांची साल चार-सहा दिवसांनी निघते ती या पडझडीनंतरची साफसफाई. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून भाजलं असं कुणी म्हणत नाही. “आग होतीय” एवढंच म्हणतात.

१९९४ साली येल विद्यापीठातल्या डग्लस ब्रॅश यांच्या गटानं ज्यांच्यात हा जागल्या नाही असे उंदीर अतिनील दिव्याखाली ठेवले. त्यांच्या कातडीत त्या गुलाबी पेशी फारच कमी दिसल्या. वरवर पाहता ती कातडी जास्त सहनशील. प्रत्यक्षात ज्या पेशी मरायला हव्या होत्या त्या बिघडलेल्या दफ्तरासह जगत होत्या.

सोयाबीन काढणारा कुठलाही शेतकरी याचा पुढचा भाग मला न शिकवता सांगेल. एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की साधं तण मरतं आणि त्याला न जुमानणारं उरतं. मोकळी झालेली जागा, खत, पाणी सगळं त्यालाच. कातडीत ऊन हेच तणनाशक. निरोगी जागल्या असलेल्या पेशी इजा झाली की इमानानं मरतात. ज्या पेशीतला जागल्या आधीच्या कुठल्या उन्हानं बिघडवून ठेवलाय ती मरत नाही. शेजारची जागा रिकामी होते आणि ती तिथे पसरते. म्हणजे ऊन दोनदा काम करतं, एकदा जागल्याला फितवताना आणि दुसऱ्यांदा फितुराला रान मोकळं करून देताना. २०१५ मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेनं पन्नाशी-साठी ओलांडलेल्या चार माणसांच्या पापण्यांची, शस्त्रक्रियेत कापून टाकलेली, दिसायला पूर्ण निरोगी त्वचा तपासली. जवळपास चौथ्या हिश्शाच्या पेशींमध्ये कर्करोगाच्या वाटेवरचा किमान एक बदल सापडला. त्या माणसांना काहीही झालेलं नव्हतं. हा आकडा वाचून मी दोन दिवस आरशात पापण्या बघत होतो.

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळ वर्षं शिकवली, आणि ती चूक नाही. पण अपुरी निघाली. हे पुस्तक लिहायचं त्यामुळेच ठरलं.

प्रश्न वेळेचा होता. दफ्तर तपासून, जागल्या साचून, निकाल लागेपर्यंत तास जातात. पण कातडीतला कालवा त्याच्या आधीच सुरू होतो. मग पहिली हाळी कोण देतं? किरण दफ्तरावर पडतात तसे झेरॉक्सवरही पडतात, तिथेही अक्षरं चिकटतात. झेरॉक्स फाटली तर फेकून देतील, म्हणून तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नव्हतं. हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर ऊसगाड्यांची रांग आठवा. पुढच्या गाडीचं चाक रुतलं की मागची तिच्यावर येऊन आदळते, तिच्यावर तिच्या मागची. उतारा वाचत प्रथिनं ओवणारे रायबोसोम एका आरएनएवर असेच ओळीनं चालतात. वाटेत चिकटलेली अक्षरं आली की पुढचा थांबतो आणि मागचे आदळतात. ही टक्कर झाक-अल्फा नावाचं प्रथिन ओळखतं आणि धोक्याची घंटा वाजवतं. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या सिंगापूरच्या कामानं दाखवलं की माणसाच्या त्वचापेशीत ही घंटा एका वेगळ्याच मरणाकडे नेते. त्यात पेशी आकसत नाही. तिच्या भिंतीला भोकं पडतात, ती फुगून फुटते आणि आतला दाहक माल आजूबाजूला सांडतो. २०२४ अखेर कोपनहेगन विद्यापीठातल्या गटानं ज्यांच्यात झाक नाही अशा उंदरांवर अतिनील मारा केला, तर सुरुवातीची सूज, पेशींचं मरण, नंतर कातडी जाड होणं, सगळंच ओसरलेलं दिसलं.

म्हणजे पहिली बोंब मूळ दफ्तरासाठी नव्हे, फाटक्या झेरॉक्ससाठी होते. मला तरी यात शहाणपण दिसतं. कारखान्याच्या गेटवर खोळंबा झाला की दिवसभरातलं नुकसान लगेच कळतं. दफ्तराची तपासणी सावकाश होत राहते. दोन्ही मरणं एकाच कातडीत, एकाच दुपारी, शेजारीशेजारी चालतात. एक पानगळीसारखं, एक फांदी मोडल्यासारखं. कोणत्या पेशीच्या वाट्याला कोणतं, हे किरणांची मात्रा ठरवते, पेशीचं वय ठरवतं, आणि अजून काय काय ठरवतं यावर प्रयोगशाळांमध्ये भांडणं चालू आहेत. तिसरं आणि चौथं प्रकरण त्या भांडणांचं आहे. ती दोन्ही कठीण आहेत. घाई असेल तर सोडून पाचव्यावर गेलात तरी चालेल.

आता रापण्याविषयी. करपणं वेगळं आणि रापणं वेगळं, हा भेद आपल्या भाषेनं फार आधी केला. करपतं ते वाया जातं. रापतं ते मुरतं, तयार होतं. उन्हानं रापलेला माणूस म्हटलं की त्यात थोडा मानही असतो. विज्ञान बरंचसं भाषेच्या बाजूनं आहे. तळाच्या रांगेत मधूनमधून बसलेल्या रंगपेशी मेलॅनिनच्या कुप्या भरतात आणि भोवतालच्या पेशींना वाटतात. त्या पेशी हे मेलॅनिन केंद्रकाच्या डोक्यावर टोपरं घातल्यासारखं मांडतात, उन्हाच्या बाजूला. १९७९ च्या एका मोजणीत गोऱ्या बाह्यत्वचेतून ‘बी’ किरणांचे सुमारे २४ टक्के आरपार गेले, काळ्या बाह्यत्वचेतून सात-साडेसात टक्के. आपण मधे कुठेतरी. भारतात त्वचेचा कर्करोग कमी दिसतो त्याचं मोठं कारण हे टोपरं.

पण म्हणून ‘काळ्या कातडीला काही होत नाही’ हे आपल्याकडचं ब्रह्मवाक्य मला मान्य नाही. डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्येच कमरेला वर्षानुवर्षं घट्ट धोतर कसणाऱ्यांच्या कातडीवरचा कर्करोग नोंदवला होता. तो घर्षणाचा, उन्हाचा नव्हे, पण सावळी कातडी अभेद्य नाही एवढं त्यातून कळतं. आणि मेलॅनिनची स्वतःचीही एक गंमत आहे. संजय प्रेमी, ब्रॅश आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की ‘ए’ किरणांनंतर मेलॅनिनचे काही तुकडे ऊर्जा धरून ठेवतात आणि अंधारात तीन तासांहून जास्त वेळ डीएनएची अक्षरं चिकटवत राहतात. माणूस शेतातून येऊन, हातपाय धुऊन, जेवायला बसलेला असतो आणि दुपारचं ऊन त्याच्या कातडीत अजून चालू असतं.

दुरुस्तीच नसेल तर काय होतं हे पाहायचं तर एक दुर्मीळ आजार आहे, झेरोडर्मा पिगमेंटोझम. मोरिट्झ कापोसी यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचं वर्णन केलं आणि १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी मूळ कारण शोधलं: वर सांगितलेली कापाकापीच या मुलांच्या पेशींना जमत नाही. दोन वर्षांच्या लेकराच्या चेहऱ्यावर काळे ठिपके, डोळ्यांना उजेड सहन न होणं, आणि विशीच्या आत त्वचेचा कर्करोग होण्याची शक्यता हजारो पटींनी वाढलेली. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच तो होतो. आपल्याकडे मामाची मुलगी ही हक्काची सोयरीक, आणि देगलूर-बिलोली, उदगीरच्या पुढे तेलंगण-कर्नाटकच्या शेजारानं काही समाजांत मामा-भाचीचं लग्नही चालतं. नात्यातल्या लग्नात एकच दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. मला नात्यांवर टीका करायची नाही. माझंच घर अशा दोन लग्नांवर उभं आहे. पण ‘देवीचा कोप’ म्हणून कोनाड्यात ठेवलेलं लेकरू पडदे लावलेल्या खोलीत, संध्याकाळनंतरच्या अंगणात, बरीच वर्षं बरं जगू शकतं, हे त्या घराला कुणीतरी सांगायला हवं. सहावं प्रकरण त्यासाठी लिहिलं आहे.

आणि याच मरणाचा औषध म्हणून उपयोगही होतो. बावचीच्या बियांचा लेप लावून उन्हात बसायचं, हा कोडावरचा जुना इलाज. बावचीत सोरॅलेन असतं, ते ‘ए’ किरणांनी चेतवलं जातं. रुग्णालयातल्या ‘पुवा’ उपचाराचं तत्त्व तेच, फक्त तिथे औषध मोजून आणि दिवा घड्याळ लावून. सोरायसिसमध्ये भरकटलेल्या प्रतिकारपेशींना अपॉप्टॉसिसच्या वाटेला लावणं हा त्या किरणांचा एक मोठा उपयोग. मात्र मात्रेचा अंदाज चुकला की काय होतं ते मी घरात पाहिलं आहे. माझ्या एका चुलत्यानं कुणाच्या तरी सांगण्यावरून बावची लावून अख्खी सकाळ बांधावर काढली. दुसऱ्या दिवशी पायावर लिंबाएवढे फोड. वांगावरची मलमं हा त्याहून मोठा विषय. मेडिकलच्या काउंटरवरून चिठ्ठीशिवाय मिळणारं स्टेरॉइडचं मलम महिनोन् महिने चोळून चेहऱ्याची कातडी कागदासारखी पातळ करून घेतलेल्या बाया मी इतक्या पाहिल्या आहेत की त्या प्रकरणातली भाषा जरा कडक झाली आहे. संपादकांनी सौम्य करायला सांगितली होती. मी केली नाही.

उपायांचं प्रकरण मुद्दाम लहान आहे. ज्याला दिवसाच्या मजुरीवर घर चालवायचं त्याला दर दोन तासांनी सनस्क्रीन लावा म्हणणं ही चेष्टा आहे. त्यापेक्षा आमच्या बायकांनी काढलेली युक्ती मोठी. खुरपायला जाताना साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला रुमाल, त्यावर पदर. शहरातून आलेली माणसं या वेषाला हसतात. पातळ पांढरं सुती कापड अतिनील किरण बऱ्यापैकी आत सोडतं, घामानं भिजलं की आणखी. जाड विणीचा, गडद रंगाचा शर्ट त्याच्या कित्येक पट अडवतो. तो शर्ट नेसूवर येण्याआधीच्या पिढीत माझी माय होती. तिच्या वेळी पदर होता, आणि हात उघडे.

ती गेल्या वर्षी गेली. शेवटच्या आजारात तिच्या हातातल्या पाटल्या काढाव्या लागल्या, साबण लावून, हळूहळू. पाटल्यांच्या खाली बोटभर रुंदीचा पट्टा होता. त्याच्या वर-खाली डागाळलेली, सुरकुतलेली, ठिकठिकाणी जाड झालेली कातडी, आणि मधला तो पट्टा एखाद्या तरुण बाईच्या हाताचा असावा तसा, मऊ आणि उजळ. नर्सबाई म्हणाल्या, “आजींचा खरा रंग हा.” मी काही बोललो नाही. पाटल्या रुमालात बांधल्या आणि खिशात ठेवल्या.